वागूचं पाणी : प्रस्तावना

आमच्या आजीला पाण्याची पारख होती. उन्हाळ्यात ओढा आटला की ती पात्राच्या मधोमध जात नसे. काठाला, जिथं वाळूचा थर जाड असेल, तिथं हातानं खड्डा करी. खड्ड्यात आधी गढूळ पाणी येई. ते वाटीनं उपसून ती लांब फेके. पुन्हा भरलेलंही फेकून देई. मग पदरानं घाम टिपत बसून राही. तिसऱ्या वेळी वाळूच्या कडेकडेनं झिरपलेलं पाणी तळाशी जमे, इतकं निवळ, की त्यात बुडवलेल्या वाटीवरचा ठोकलेला नंबर वाचता यावा. घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं बांधून ती वाटी-वाटीनं घागर भरायची. या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणतो. आमचे तेलुगू शेजारी त्याला चेलमा म्हणतात आणि ओढ्याला वागू. आदिलाबादच्या मुलखात मराठी माणसाच्या तोंडीही वागूच असतो. म्हणून या पुस्तिकेच्या नावातही तो आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच ओढ्यात, जवळपास त्याच जागी, झिरा खणला. दोनदा पाणी उपसून फेकलं. तिसऱ्यांदा आलेलं निवळ पाणी एका छोट्या काचेच्या बाटलीत खुणेपर्यंत भरलं. बाटलीत तपकिरी कागदाची एक सुकी पट्टी होती. बूच लावून बाटली स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर लांब, उबदार कोपऱ्यात ठेवली. रात्री पाणी चहाच्या रंगाचं होतं. सकाळी उठून पाहिलं तर आत काजळ कालवल्यासारखं काळंकुट्ट.

ही बाटली काही जादूची नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही साधी चाचणी जगापुढे मांडली. आतड्यात राहणाऱ्या जंतूंपैकी बऱ्याच जणांना गंधकयुक्त पदार्थांतून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार करायची खोड असते. पट्टीवर त्यांचं खाद्य असतं आणि लोहाचा क्षार असतो. वायू लोहाला भेटला की काळा रंग धरतो. २४ ते ४८ तासांत बाटली काळी झाली, तर त्या पाण्याची विष्ठेशी गाठ पडलेली आहे असं समजायचं.

पाणी निवळ होतं आणि बाटली काळी झाली. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजून घेण्यासाठी पुढची पानं लिहिली आहेत.

पहिला प्रश्न शाळेतल्या मुलांनीच विचारला : मग आजी चुकली होती का? उत्तर द्यायला मला युरोपात जावं लागलं. जेम्स सिम्प्सन नावाच्या इंजिनियरानं १८२९ साली लंडनमध्ये थेम्सचं पाणी वाळूच्या थरातून हळूहळू गाळून लोकांना द्यायला सुरुवात केली. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पुढे १८९२ मध्ये जर्मनीत हांबुर्गला पटकीची साथ आली. हांबुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरं अगदी खेटून, दोघांचीही तहान एल्ब नदीवर. अल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हांबुर्गची घाण पोटात घेऊन आलेलं पाणी पिणारं. पण अल्टोना ते पाणी वाळूतून गाळत होतं आणि हांबुर्ग गाळत नव्हतं. हांबुर्गमध्ये ८,५०० हून अधिक माणसं दगावली. अल्टोना बव्हंशी वाचलं. वाळूच्या कणांवर सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत पापुद्रा धरतो आणि तोच येणारे जंतू अडवतो, खातो. आजीचा झिरा हा त्याच गाळणीचा गावरान नमुना होता.

तिचं फडकंही काही वेडेपणाचं नव्हतं. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या एका अभ्यासात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जुन्या साडीची निदान चौपदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटली. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुताला लव सुटते आणि वीण दाट होते. कोरं कापड तितकं चालत नाही.

तेव्हा आजी बरोबर होती. तिच्या काळी ओढ्याला जेवढं ओझं होतं, तेवढ्याला वाळू आणि फडकं पुरत होतं. ओझं किती वाढलं आणि ते आलं कुठून, हे सांगायचं तर आमच्या गावाकडे यावं लागेल.

गुडीहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं ठिकाण. नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता, पूर्वीचा ७ नंबरचा आणि आताचा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, इथून जातो. इंद्रवेल्ली आणि उट्नूरकडे जायचं तर इथंच वळायचं. फाट्याचं गाव म्हटलं की जे जे येतं ते सगळं आलं : टपऱ्या, हॉटेलं, टायरवाले, खताची दुकानं, भाड्याच्या खोल्या. गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी, उर्दू, लमाणी, सगळ्या बोली एका चहाच्या गाड्यावर ऐकू येतात. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत रेघ बदलली, पण कापूस, सोयरिकी आणि दवाखान्याच्या वाऱ्या जुन्याच वाटांनी चालू राहिल्या.

अशा गावाला धड गाव म्हणता येत नाही आणि धड शहरही म्हणता येत नाही. या अधलेमधलेपणाचा पहिला फटका ओढ्याला बसतो. गावात पूर्वी माणसं रानात जात. ते वाईटच होतं, पण विष्ठा विखरून पडे, उन्हात वाळे. शहरात जमिनीखालून मैलावाहिनी असते आणि नशीब चांगलं असेल तर तिच्या टोकाला प्रक्रिया केंद्र असतं. अधल्यामधल्या गावात घरोघरी संडास झाले आणि ते व्हायलाच हवे होते, पण त्यांच्यामागे मैलावाहिनी आली नाही. प्रत्येक घराच्या पोटात एक सेप्टिक टँक आला. आता टँक म्हणजे विल्हेवाट लागली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टँकमध्ये फक्त जड गाळ खाली बसतो. वरचं पाणी, जंतूंनी गच्च भरलेलं, बाहेर पडतंच. ते शोषखड्ड्यात जिरावं आणि मातीनं त्याला गाळावं अशी अपेक्षा असते.

इथं आमची माती आडवी येते. आदिलाबादचा बराच भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे आणि वर कापसाची काळी माती. ही माती वैशाखात भेगाळते, भेगांत हात जाईल इतकी. पावसाळ्यात ती फुगून मेणासारखी बंद होते. उन्हाळ्यात शोषखड्ड्यातलं पाणी भेगांतून आणि पाषाणाच्या सांध्यांतून न गाळताच खाली उतरतं, शेजारच्या विहिरीपर्यंत पोचतं. पावसाळ्यात ते जिरतच नाही, वर येतं. मग गवंडी सरळ उपाय सुचवतो : एक पाइप काढून देतो गटारीत. गटार नालीत, नाली ओढ्यात. हा पाइप कुठल्याही घराच्या नकाशात नसतो. पण घरामागच्या बोळातून चालत गेलं तर भिंतीच्या बुडाशी चार इंची तोंडं एकापाठोपाठ एक दिसतात, खाली शेवाळाची हिरवी जीभ लोंबणारी. या पुस्तिकेसाठी पाणी गोळा करायला निघालेल्या मुलांनी आधी ही तोंडंच मोजली.

आता थोडा हिशेब. घरगुती मैलापाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू साधारण १० लाखांपासून १० कोटींपर्यंत असतात. मधला आकडा म्हणून १ कोटी धरू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे उघड्यावर आंघोळ करण्याजोग्या पाण्यात हे जंतू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि फार तर २,५०० चालतील. म्हणजे एक बादली मैलापाणी निव्वळ आंघोळीच्या लायकीचं व्हायला त्यात ४,००० बादल्या स्वच्छ पाणी मिसळावं लागेल. श्रावणात ओढा भरून वाहतो तेव्हा हे घडूही शकेल. एप्रिलमध्ये ४,००० बादल्या आणायच्या कुठून? त्या दिवसांत ओढ्यात जे वाहतं, ते बहुतेक घरांतूनच आलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचा निकष तर आणखी कडक. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

ओढ्याचं नाव कसं बदलत जातं तेही पाहण्यासारखं आहे. बायका धुणं धुतात तोवर तो ओढा असतो. काठाला घरं आली की नाला होतो. एके दिवशी त्यावर फरशी पडते आणि तो गटार होतो. गटार म्हटलं की त्यात काहीही टाकायची मुभा मिळते, कारण गटार त्यासाठीच असते. आमच्या हमरस्त्यानं उत्तरेला गेलं की नागपूर लागतं. त्या शहराला ज्या नाग नदीनं नाव दिलं, तिला आज कित्येक नागपूरकर नागनालाच म्हणतात. ती पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि शहराचं सांडपाणी गोसीखुर्द धरणाच्या जलाशयापर्यंत पोचतं. पुण्यातला आंबील ओढा, मुंबईतली मिठी, यांची कहाणीही याच वळणाची. आमचा वागू या नात्यातला धाकटा भाऊ. थोरल्यांचं जे झालं ते आधीच दिसतं आहे, एवढंच त्याचं भाग्य.

आता जंतूंकडे वळू. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात एक काडीसारखा जंतू पाहिला. पुढे त्याच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय म्हणू लागले, म्हणजेच आपला ई. कोलाय. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी. आपल्या आतड्यातही त्या या क्षणी नांदत आहेत. मग त्याला एवढा मान का? कारण तो उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो आणि बाहेरच्या पाण्यात एरवी फार दिवस तग धरत नाही. तो पाण्यात दिसला, तर विष्ठा नुकतीच येऊन मिसळली आहे असं समजायचं. गोठ्याबाहेरच्या चिखलात वाघाचं पाऊल दिसलं तर आपण वाघ दिसेपर्यंत थांबत नाही. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू एकेक करून शोधणं महाग आणि किचकट आहे. ई. कोलाय हे त्या सगळ्यांच्या वाटेवरचं पाऊल. प्रयोगशाळेत ते मोजण्याची एक जुनी रीत मुलांना फार आवडते. दुधातली साखर घातलेल्या द्रवाच्या नळ्यांत पाण्याचे कमी-जास्त थेंब सोडायचे. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उपडी घातलेली असते. जंतूंनी साखर आंबवली की त्या उपड्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून संख्येचा अंदाज काढतात. जंतू काही डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा ढेकर दिसतो, असं एका मुलीनं वहीत लिहून ठेवलं आहे. मी ते खोडलेलं नाही.

पाण्यात जंतू असणं आणि माणूस आजारी पडणं यांच्यामध्ये मात्रेचा प्रश्न असतो. धडधाकट माणसाला पटकी व्हायला साधारणपणे कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात. जठरातलं आम्ल बाकीच्यांना मारतं. रक्ती हगवणीच्या शिगेला जंतूला मात्र दहा ते शंभरही पुरतात. ते पाण्यातून यायलाच हवेत असंही नाही. ओढ्यात खेळून आलेल्या पोरानं हात न धुता भाकरीला हात लावला तरी पुरे. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूचं असंच. १९८१ साली एका ब्रिटिश संशोधकानं दुधातून त्याचे जेमतेम ५०० जंतू स्वतः पिऊन पाहिले आणि तो आजारी पडला.

या कॅम्पिलोबॅक्टरचं नाव मराठी घराघरांत पोचलं ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी या भागांत माणसं अचानक लुळी पडू लागली. आधी जुलाब, पोटदुखी, मग आठ-पंधरा दिवसांनी पायांतलं बळ गेलं, पुढे हातांतलं. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम, वर्तमानपत्रांत जीबीएस. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही जण दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू मोठा वेशधारी. त्याच्या अंगावरचं साखरेचं आवरण आपल्या मज्जातंतूंवरच्या आवरणाशी मिळतंजुळतं असतं. शरीर जंतूवर सोडलेली अस्त्रं चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालवतं. असं हजारात एखाद्यालाच होतं. पण एकाच वेळी एवढे रुग्ण निघाले, म्हणजे साध्या जुलाबांचे किती असतील याचा अंदाज वाचकानंच करावा.

मला या बातमीत जागा महत्त्वाची वाटली. पुणे महापालिकेनं २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं हद्दीत घेतली. साथ भडकली ती याच नव्या पट्ट्यात, जिथं इमारती शहराच्या आणि विहिरी अजून गावाच्या होत्या. म्हणजे तेही अधलंमधलंच. फाट्यावरच्या आमच्या गावाला पुणं लांब आहे, पण तो पट्टा लांब नाही.

दुसरी भीती औषधांची. आमच्याकडे पोट बिघडलं की मेडिकलवाल्याकडून 'दोन दिवसांच्या गोळ्या' आणायची रीत आहे. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फळीवर. अर्धवट मारलेले जंतू शौचातून टँकमध्ये, टँकमधून ओढ्यात जातात. तिथं निरनिराळे जंतू एकमेकांना औषध पचवण्याची विद्या शिकवतात, म्हणजे तशी जनुकं एकमेकांना देतात. याचं टोकाचं उदाहरण आपल्याच तेलंगणात आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषधकारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात प्रक्रिया होऊन बाहेर पडे. २००७ साली स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटानं त्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन मोजलं, तर ते लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत भरलं. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतकं नसतं. ते पाणी जायचं इसकवागूत. इसक म्हणजे वाळू. आजीनं जिथं हौसेनं झिरा खणला असता, असं त्या ओढ्याचं नाव. इसकवागू मिळतो नक्कवागूला आणि नक्कवागू मांजरा नदीला, बीडच्या डोंगरात उगम पावून लातूरकडून खाली उतरणाऱ्या आपल्याच मांजरेला.

तिसरी गोष्ट वेळेची. ओढ्याच्या तळातल्या गाळात जंतू उन्हापासून लपून तग धरतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की वर्षभराचा गाळ, उकिरडे आणि टँकांचं उतू गेलेलं पाणी एका लोंढ्यात वाहून येतं. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये आमच्या भागात जुलाब-वांत्यांचे रुग्ण वाढतात. घरात नळ असला म्हणजे सुटलो, असंही नाही. नळाचं पाणी दूरवर शुद्ध होऊन निघालेलं असतं. पण ते दिवसातून थोडाच वेळ येतं आणि उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. पाइप नालीतून गेलेला असेल आणि त्याला सुईएवढं छिद्र असेल, तर रिकाम्या पाइपात नालीचं पाणी शिरतं. त्यात कुणी नळाला मोटर लावली, तर ती ते ओढूनच घेते. ओढा असा घरात येतो, पूर न येता.

सगळा त्रास होतो कुणाला? ज्याच्या घरातून पाइप निघतो त्याला क्वचितच. आमच्या जिल्ह्याचं पाणी दोन दिशांना जातं : काही उत्तरेला पैनगंगेत, काही दक्षिणेला कडम नदीतून. शेवटी दोन्ही गोदावरीलाच मिळतात. दरवर्षी पुष्य अमावास्येला, इथून जवळच, केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळातली माणसं गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूहून कलशात पाणी घेऊन अनवाणी चालत येतात. पाण्याला इतक्या सोवळ्यानं वागवणारी ही माणसं ज्या पाड्यांत राहतात, तसेच पाडे ओढ्यांच्या खालच्या अंगाला असतात. आपण म्हणतो, घाण गंगेला मिळाली, पवित्र झाली. पण आपल्या जंतूंपैकी फार थोडे गोदावरीपर्यंत पोचतात. ऊन आणि वेळ वाटेतच बहुतेकांना मारतात. ते जिवंत पोचतात ते दोन-चार कोसांवर, जिथं एखादी बाई अजून झिरा खणत असते. आपल्या संडासाचा खरा पत्ता तिचं घर आहे, आणि तिला तो कुणी कळवलेला नाही.

पुस्तिकेचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात ओढा वाचायचा कसा ते आहे : कुठून निघतो, कुठं पाइप मिळतात, गुरं कुठं बसतात, विहीर शोषखड्ड्यापासून किती पावलांवर. दुसऱ्यात जंतू आणि त्यांचे आजार. तिसऱ्यात घरानं आणि गावानं काय करायचं ते. घरापुरतं सांगायचं तर फार नवल नाही. पाणी गाळून घेऊन खळखळ उकळू द्यावं, निदान एक मिनिट. हजार लिटरच्या टाकीला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. हिलाच पलीकडे महाराष्ट्रातल्या गावांत टीसीएल म्हणतात. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात पावडर वाया जाते, म्हणून आधी निवळू द्यायचं. जुलाब लागले तर पहिलं औषध क्षार-साखरेचं पाणी : एक लिटरला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपातून वाटलं आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मरणाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणलं.

गावानं करायचं ते याहून अवघड, पण झालेलं आहे. साताऱ्याजवळच्या वाईनं २०१८ पासून सेप्टिक टँक ठरावीक पाळीनं उपसायला सुरुवात केली. टँक तुंबेपर्यंत वाट पाहायची नाही. घंटागाडीसारखी मैला उपसणारी गाडी ठरल्या वेळी दारात येते आणि मैला प्रक्रिया केंद्रात जातो. वाईत माणूस टँकमध्ये उतरत नाही, यंत्र उपसतं. २०१३ च्या कायद्यानंही तेच सांगितलं आहे. लोकांच्या ताकदीबद्दल कुणाला शंका असेल तर नारू आठवावा. माझ्या वडिलांच्या पिढीनं पायातून काडीवर गुंडाळत काढलेला तो धागा पाहिला आहे. त्यावर लस नव्हती, औषध नव्हतं. लोकांनी पाणी गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

एक इशारा देऊन ठेवतो. काळी न झालेली बाटली म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला शिरला. क्लोरीन वाढवल्यामुळे जंतू आटोक्यात राहिले, पण विषाणू निसटले आणि सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. बाटली शंका घ्यायला शिकवते, निकाल देत नाही. शंका आली की प्रयोगशाळा आहेच.

ही पुस्तिका ज्या मुलांच्या वह्यांतून उभी राहिली त्यांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. पाण्याचे नमुने कुणाच्या घरामागचे, हेही नाही. बोट दाखवायला सुरुवात केली की माणसं पाइप बुजवत नाहीत, फक्त झाकतात.

परवा एक मुलगी हातपंपाचा नमुना घ्यायला आली होती. बाटली दप्तरात ठेवून ती आधी नुसता दांडा हापसत राहिली. पाणी वाहून चाललं होतं. रांगेतल्या म्हातारीनं विचारलं, "अगं, भरत का नाहीस?" मुलगी म्हणाली, "अम्मा, पहिलं पाणी पाइपातलं असतं. ते सोडून द्यायचं." म्हातारी हसली आणि घागर खाली ठेवून थांबली. तिला ते नव्यानं सांगायची गरज नव्हती.

गुडीहत्नूर
मृग नक्षत्र